म्हातारपणाच्या खात्यावर

चौदा एप्रिलची रात्र. किकवीत मिरवणूक निघाली होती. ट्रॉलीवर बाबासाहेबांचा फोटो, पुढं हलगी, मागं जनरेटर, आणि जनरेटरच्या मागं आम्ही पोरं. माझ्या हातात दहा हजारांची माळ होती. ती मी वस्तीच्या तोंडाशी पेटवली. कानठळ्या बसल्या. धूर एवढा, की समोरचा निळा झेंडा दिसंना. आम्ही धुरातच नाचलो. धूर म्हणजे आम्हाला बंडाचा वास! माझ्या वहीतल्या दहा कवितांपैकी सात कवितांत धूर आहे. झोपडीतून निघतो, चिमणीतून निघतो, छातीतून निघतो, शेवटी कुठंतरी आग लागते नि कविता संपते.

धूर विरला तेव्हा पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. जुन्या माणसांना मान द्यायचा म्हणून आम्हीच त्यांना पुढं बसवलं होतं. म्हणजे नेमकं माळेच्या तोंडाशी. मी आजीला शोधत घरामागं गेलो. ती भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, तोंड उघडं टाकून वारा ओढत होती. छातीत शिट्टी वाजत होती. मी म्हणालो, "आजे, काय झालं गं?" तिला बोलता येईना. तिनं हातानंच सांगितलं, जा, तू नाच.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली न लावली.

"वय किती?"

"असंल पंच्याहत्तर-ऐंशी."

"मग वयोमानानं हे व्हायचंच."

पाच गोळ्या, एक पातळ औषध, झालं. वाटेत आजी खूश होती. म्हणाली, "बघ, काय बी न्हाय झालं. वय झालंय नुसतं."

मित्रांनो, त्या एका शब्दाबद्दल मला लिहायचंय. वय.

आधी आमची जागा सांगतो. पुण्याहून साताऱ्याकडं निघालं की कापूरहोळ सोडल्यावर सारोळ्याच्या अलीकडं किकवी. पुढं नीरा ओलांडली की शिरवळ, तिथं कारखानदारी. मधून हायवे. आमचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. रात्री ट्रक चढाला गिअर बदलतो तो आम्हाला झोपेत कळतो. सकाळी दोरीवरचं धुणं काढलं की बोटाला काळं लागतं. हे मी लहानपणापासून बघतो. पण दोरीवरच्या लुगड्याला जे लागतं, ते आजीच्या आत किती लागलं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर मी ठरवलं, या म्हाताऱ्यांना जागं करायचं. गिरणीची पाळी संपवून खोलीवर आलो की जे मिळेल ते वाचलं, कागदावर उतरवलं. पुढच्या सुट्टीला तो कागद घेऊन समाजमंदिराच्या ओट्यावर गेलो. संध्याकाळी तिथं आमची जुनी माणसं बसतात. मी उभा राहून सुरुवात केली. माणसाच्या केसाच्या तिसाव्या भागाएवढा बारीक कण असतो, त्याला पीएम अडीच म्हणतात. तो नाकात अडकत नाही, घशात अडकत नाही, फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातो, तिथून रक्तात उतरतो. म्हणून धुरानं नुसता खोकला होत नाही, हृदयाचा झटका येतो, लकवा मारतो. म्हाताऱ्या माणसाला जास्त धोका, कारण फुप्फुसाचा ताण वयानं सैल झालेला असतो, आत गेलेली घाण वर ढकलणारी बारीक लव थकलेली असते, आणि हृदय आधीच ओढीला आलेलं असतं.

सगळे शाळेतल्या पोराचं पाठांतर ऐकावं तसं ऐकत होते. आजीनं मला मध्येच थांबवलं.

"आरं लेका, धूर वाईट हे सांगाया तुला कागुद लागला व्हय? हितं बसल्याल्या एकेकीला इचार. पन्नास वरसं चुलीम्होरं बसलोय आमी. पावसाळ्यात वली लाकडं. फुकून फुकून गाल दुखायचं. डोळं लाल. प्वार पाठीला. तवा कुनी आलं न्हाय कागुद घिऊन."

ओटा हसला. मीही हसलो, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मग एकेक जण बोलायला लागलं. मी बसलो आणि ऐकलं. एक आजी म्हणाली, मिशेरी भाजायला तवा ठेवला की आधी पोरं घराबाहेर काढायची, लेकराला ठसका लागतो म्हणून. मी विचारलं, "आणि तुम्ही?" ती म्हणाली, "म्या कशी जानार? तव्याकडं कोन बघनार?"

एक बाबा म्हणाले, मिरगाच्या आधी भाताचा राब भाजायचा, शेण, पालापाचोळा, फांद्या टाकून. धूर सुटला की वाऱ्याच्या उलट्या अंगाला जाऊन उभं राहायचं. मालक उभा राहायचा. मजुराला मात्र विस्तव फिरंल तसं फिरावं लागायचं.

दुसरे म्हणाले, थंडीत धूर वर जात न्हाय, पांदीत बसून ऱ्हातो. ऊन तापल्याशिवाय हलत न्हाय. माझ्या कागदावर हेच लिहिलं होतं. थंडीत जमिनीलगतची हवा गार नि जड असते, वर ऊबदार हवेचं झाकण बसतं, आणि धूर खालीच कोंडतो. मी ते एका तासात वाचलं होतं. त्यांनी ते सत्तर हिवाळ्यांत बघितलं होतं. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "आदी फाटंचा पुरंदरचा डोंगर असा हातावर दिसायचा. आता ऊन वर आल्याबिगर दिसत न्हाय." हवा मोजायचं यंत्र म्हणजे आणखी काय असतं?

आजीचा हिशेब तर वेगळाच निघाला. तिचं माहेर पुरंदर तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर तिनं खडी फोडली. सुकडी खायची नि हातोडा मारायचा. ती म्हणाली, "सांजच्याला थुकलं की थुकीत दगुड निगायचा." मग रस्त्याच्या कामावर. डांबराच्या पिंपाखाली लाकडं सारायची. मग घरची चूल. आता म्हातारपणी दारात हायवे. मी मनातल्या मनात बेरीज केली. दगडाची भुकटी, डांबराचा धूर, चुलीचा धूर, डिझेलचा धूर. एका बाईच्या छातीत चार पिढ्यांचे धूर. आणि डॉक्टरनं एका शब्दात खातं बंद केलं, वयोमान.

म्हणजे त्यांना ठाऊक आहे. धूर वाईट, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. धुराचे फायदेसुद्धा ठाऊक आहेत. चुलीवर टांगलेल्या बियाण्याला कीड लागत नाही, आढं टिकतं, डास पळतात. ती काही अडाणी माणसं नव्हेत. पण काही गोष्टी त्यांना कुणी सांगितल्याच नाहीत, आणि त्या सांगायलाच हव्यात.

धूर दिसला तरच वाईट, असं त्यांना वाटतं. हायवेवर स्वच्छ ऊन पडलेलं असतं तेव्हासुद्धा डिझेलच्या इंजिनातला बारीक कण हवेत असतो, तो दिसत नाही. डिझेलचा धूर कॅन्सर करतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये स्पष्ट सांगितलं. पदर नाकाला लावला की झालं, असंही त्यांना वाटतं. पदरात धूळ अडकते, तो बारीक कण आरपार जातो. पहाटे चारला उठून न्हाणीची चूल पेटवायची, मग शेकोटीला बसायचं, ही जन्माची सवय. धूर खाली कोंडतो हे त्यांना माहीत, पण नेमक्या त्याच वेळी आपण सगळ्यात जास्त ओढतो हा दुवा जोडलेला नाही. धुराचं दुखणं छातीपुरतं, असा त्यांचा समज. हृदयाचा, मेंदूचा, डोळ्यांतल्या मोतीबिंदूचा धुराशी संबंध आहे हे ऐकून ओटा गप्प झाला. आणि सगळ्यात घातकी समज म्हणजे 'पंप घेतला की सवय लागते'. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, गोळीपेक्षा कमी मात्रेत काम करतं. दमेकऱ्यानं पंप टाळायचा म्हणजे तहानलेल्यानं पाण्याची सवय लागेल म्हणून तांब्या लांब ठेवायचा.

ओट्याच्या कडेला आबा बसले होते. माझ्या आजोबांचे चुलतभाऊ. वस्ती त्यांना 'गिरणीवाले आबा' म्हणते. इतका वेळ ते बोलले नव्हते. मी कागद घडी करून खिशात घालत होतो, तेव्हा म्हणाले,

"सोमवारी तुजी छाती भरती का रं?"

मी दचकलो. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला दोन-तीन तास झाले की छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी उतरतं. मला वाटायचं, सुट्टीचा आळस.

"आळस न्हवं त्यो," आबा म्हणाले. "कापसाचा धुरळा. आमच्या खात्यात समद्यांची सोमवारी भरायची, मंगळवारी उतरायची. धा वरसांनी मंगळवारी बी उतरंना. मंग रोजचीच झाली."

डॉक्टरी पुस्तकात या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. त्याच्या पायऱ्याही तशाच मांडल्यात. आधी आठवड्याचा पहिला दिवस, मग बाकीचे दिवस, मग कायमचं. आबांनी ते पुस्तक बघितलेलं नाही. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयातले छातीचे तज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत यांनी १९७० च्या दशकापासून मुंबईची हवा आणि माणसांची फुप्फुसं यांचा अभ्यास केला, गिरणीकामगारांच्या छातीचाही केला. पण तो अभ्यास आबांच्या खोलीपर्यंत आला नाही. त्यांच्या खोलीपर्यंत आला तो कंपनीचा डॉक्टर. त्यानं सांगितलं, बिडी सोड. आबांनी उभ्या जन्मात बिडी ओढलेली नाही.

आबा १९६० च्या दशकात मुंबईला गेले. बदलीवर लागले, मग कार्डिंगमध्ये कायम झाले. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर पडला, त्यात आबा होते. पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आबा एक ट्रंक आणि एक खोकला घेऊन किकवीला परत आले. गिरणी बंद पडली, खोकला चालू राहिला.

इथं मला बाबासाहेबांची एक लढाई आठवते. आपण ती पगाराची लढाई म्हणून सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, घेत नसत. धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढायचं असे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण विणकर तोंडात कसा घेणार? म्हणून आपली माणसं सूतकताईच्या बाजूला, रिंग खात्यात भरायची. साचे खात्यात पगार चांगला, तो बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला, की संपाच्या मागण्यांत ही बंदी उठवायची मागणी घाला. पुढाऱ्यांनी कुरकुरत घातली. मालक वर म्हणाले, ही बंदी आमची नव्हे, तुमच्याच कामगारांची आहे.

आता यात कापसाचा धुरळा धरा. कापूस फोडण्यापासून सूत निघेपर्यंतच्या खात्यांत धुरळा सगळ्यात जास्त. साच्यावर कापड विणायला जाईस्तोवर तो कमी झालेला असतो. म्हणजे शिवाशिवीनं नुसता पगार ठरवला नाही, कुणी कुठली हवा ओढायची तेही ठरवलं. आबांच्या काळात ती बंदी कागदावर नव्हती. वहिवाट होती. मुकादम ओळखीचा, ओळख गावची, गाव जातीचा. कार्डिंगमध्ये आबांच्या शेजारी कोण होतं, विचारा. सगळी आपल्याच वस्त्यांतली नावं येतात.

१९२३ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा आला. कामामुळं होणाऱ्या रोगांची त्यात यादी होती, आणि कापसाच्या धुळीनं होणारा हा रोग पुढं त्या यादीत आला. पण भरपाई मागायला रोगाचं नाव कागदावर लागतं. आबांच्या कागदांवर खोकला आहे, अशक्तपणा आहे, आणि गेल्या पंधरा वर्षांपासून वयोमान आहे. ते नाव कधी आलंच नाही.

मित्रांनो, बघा कसं आहे. आमच्या भोरवरून वरंधा घाट उतरला की महाड. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथं ओंजळभर पाणी घेतलं. पाण्याला आडवं येता येतं. तळ्याला काठ असतो, काठावर काठी घेऊन उभं राहता येतं. हवेला काठ नाही, हवेला कुणी 'शिवू नको' म्हणू शकत नाही. म्हणून आपण समजलो, की हवा तरी सगळ्यांची. पण पाणी वाटताना आम्हाला नाही म्हणाले, आणि धूर वाटताना आम्हाला भरभरून दिला. चूल आमची, राब आमचा, खडी आमची, डांबर आमचं, कार्डिंग आमचं. यात कुणी 'महारांनी धूर प्यावा' असा फतवा काढलेला नाही. काम वाटलं, त्याच्याबरोबर धूर आपोआप वाटला गेला.

आणि मोजणी? २०१९ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो शहरांसाठी. पुणे त्या यादीत आहे. पुण्यात २०१३ पासून हवा मोजून आकडा सांगणारी 'सफर' यंत्रणा आली. किकवी यादीत कशी असणार? यादीच शहरांची. आपल्या सरकारनं २००९ मध्ये ठरवलं, की पीएम अडीचची वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं, ५ च्या वर नको. म्हणजे इथल्या कागदावर पास झालेली हवा तिथल्या मापानं आठपट घाण असू शकते. हवेमुळं किती माणूस मेलं याचा एक अंदाज 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात डिसेंबर २०२० मध्ये आला. २०१९ या एका वर्षात भारतात १६.७ लाख. त्यातले ६ लाखांहून जास्त घरातल्या चुलीच्या धुरानं. यातल्या किती जणांच्या घरी 'वय झालं होतं' म्हणून सांगितलं असेल?

असं फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचं धुकं पाच दिवस बसलं. मेलेल्यांत म्हातारी माणसं फार. सुरुवातीला चार हजारांचा आकडा आला. पुढच्या महिन्यांत जे मरत राहिले, त्यांचे मृत्यू सरकारनं फ्लूच्या नावावर टाकले. नंतरच्या अभ्यासकांनी तो हिशेब परत मांडला आणि आकडा बारा हजारांच्या आसपास नेला. तिथं फ्लू, इथं वय. धुराचं कर्ज दुसऱ्याच्या खात्यावर लिहायची युक्ती सगळीकडं सारखीच. फरक एवढाच, की तिथं लोकांनी ओरडून १९५६ ला कायदा करून घेतला.

म्हणजे आजीला अक्कल शिकवायला गेलो तो मीच शिकून आलो. म्हाताऱ्यांना धुराची जाणीव नाही असं नाही. त्या जाणिवेला त्यांनी वयाचं नाव दिलंय, कारण दुसरं नाव कुणी दिलंच नाही. वयाला जाब विचारता येत नाही. वयावर मोर्चा नेता येत नाही. वयाकडून भरपाई मिळत नाही. म्हणून ते नाव सगळ्यांना सोयीचं. डॉक्टरला, मुकादमाला, ग्रामपंचायतीला, आणि खरं सांगायचं तर आम्हा पोरांनाही. आजी म्हातारी झाली म्हटलं की मला माळ पेटवायला मोकळीक.

दोन महिन्यांनी आजीला आणि आबांना पुण्याच्या एका सरकारी दवाखान्यात नेलं. एक दिवसाची हजेरी बुडवली. तिथं फुंकायची चाचणी करतात. जोरात श्वास भरायचा, नळीत पूर्ण सोडायचा, यंत्र आकडा काढतं. आजीला आधी जमेना. मग म्हणाली, "फुंकनीवानी व्हय?" आणि तिसऱ्या खेपेला बरोबर फुंकलं. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी वय नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "आजी, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?" कागदावर त्यांनी लिहिलं, फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्यात, कारण धूर आणि धूळ. हा आजार जात नाही, पण पंपानं, औषधानं, धुरापासून लांब राहून दम आवरता येतो. आबांच्या कागदावर पहिल्यांदाच गिरणीची वर्षं आली.

एसटीत आजीनं मला कागद वाचायला लावला. दोनदा.

"म्हंजी वय न्हाय?"

"वयबी हाय. पन नुसतं वय न्हाय."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. खेड शिवापूर गेलं. मग म्हणाली, "मंग तुजी पणजी? माजी सासू. ती बी अशीच दम खात खात गेली. चाळीसची बी नव्हती. तिला कुनी वय झालं म्हनलं न्हाय. नशीब म्हनलं."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

आता घरात काय बदललं ते सांगतो. फार नाही. २०१६ ला उज्ज्वला योजना निघाली, तिच्यातून आमच्याकडं शेगडी आली होती. पण टाकी भरायची म्हणजे आजीची तीन दिवसांची मजुरी. म्हणून गॅसवर चहा आणि पाहुणे, चुलीवर आम्ही. आता गॅसवर स्वयंपाक होतो, टाकीचे पैसे मी पाठवतो. भाकरी फुगत नाही अशी तिची रोजची तक्रार आहे, ती मी ऐकून घेतो. न्हाणीची चूल ऊन वर आल्यावर पेटते. मिशेरी सोडलेली नाही. हायवे आहे तिथंच आहे. मी गिरणीत तोंडाला लावायचा चांगला मास्क मागितला, आणि सोमवारची गोष्ट पाळीतल्या पोरांना सांगितली. चौघांनी मान खाली घालून सांगितलं, "माझंबी तसंच होतं."

आणि वस्तीत एक वही काढलीय. साठीच्या वरच्या प्रत्येकाचं एक पान. काय जाळलं, कुठल्या कामावर, कुठल्या खात्यात, कुठल्या साली ते कुठल्या सालापर्यंत, दम कधीपासून, पायऱ्या चढताना की बसल्या जागी. वयाचा रकाना आहे, पण शेवटी. सतरा पानं भरलीत. ही वही ग्रामपंचायतीपुढं ठेवायची आहे, आरोग्य खात्यापुढं ठेवायची आहे. फुंकायची चाचणी तालुक्याला का होत नाही हे विचारायचं आहे. हायवेच्या कडेची धूळ, ढाब्यामागं जळणारा कचरा, शेकोटीतलं प्लॅस्टिक, सगळ्याचं विचारायचं आहे. त्याला वेळ लागेल. पण विचारायला हातात काहीतरी लागतं.

पुढच्या चौदा एप्रिलला माळ नको, असं मी मंडळाच्या बैठकीत म्हणालो. निम्मी पोरं भडकली. "सगळ्या गावाचे सण धुरात चालतात, आपल्याच जयंतीला का पर्यावरण आठवतं?" प्रश्न खोटा नाही. आपल्यालाच शिस्त शिकवणारे पुष्कळ असतात, त्यांचा राग मलाही आहे. मी एवढंच म्हणालो, की मला गावाचं काही सांगायचं नाही. पुढच्या खुर्च्यांवर आपली माणसं बसतात, त्यांच्या छातीत आधीच पन्नास वर्षं भरलीत, एकावन्नावं वर्ष आपण भरायचं का? निकाल अजून लागलेला नाही. भांडण चालू आहे. चालू राहू द्या.

तुमच्या वस्तीतही ओटा असेल. कागद घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. आधी ऐका, मग जे त्यांना ठाऊक नाही तेवढंच सांगा. आणि कुणी डॉक्टर, कुणी साहेब, कुणी आपलाच कार्यकर्ता 'वय झालं' म्हणाला, तर तिथंच थांबवा. विचारा, वय झालं हे खरं, पण त्या वयात काय काय भरलं, आणि ते कुणाच्या कामापायी भरलं?

जय भीम.